घोट्यामागची नाडी : मार्केट यार्डातल्या पायांच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

डॉपलर आज आला. धमनीतला रक्ताचा प्रवाह कानाला ऐकवणारं, मुठीत मावेल एवढं यंत्र, त्याला पेनासारखी दांडी, दांडीच्या टोकाला ८ मेगाहर्ट्‌झचा डोळा. पहिल्यांदा स्वतःच्याच पायावर लावून पाहिला. आतल्या घोट्याच्या मागे जेलचा थेंब टाकायचा, दांडी तिरकी धरायची आणि दाबायची नाही, नुसती टेकवायची. जरा इकडेतिकडे केल्यावर आवाज आला. निरोगी धमनीत एका ठोक्याचे तीन भाग ऐकू येतात: जोरात पुढे, थोडं मागे, परत हळूच पुढे. वाटेत अडथळा असला की हे भाग पुसले जातात आणि एकच सपाट, लांबट फुसकारा उरतो. हा फरक कानात बसेपर्यंत यार्डात जायचं नाही, असं ठरवलंय.

काम असं: सांगलीच्या मार्केट यार्डातले हमाल, तोलार, हातगाडीवाले आणि हळद निवडणाऱ्या बायका यांच्या पावलांपर्यंत रक्त नीट पोचतंय का ते मोजायचं. जिथे पोचत नाही त्यांना वेळेत औषधाला आणि चालण्याला लावायचं. फारच अडलेलं असेल तर मिरजेच्या रुग्णालयात पाठवायचं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, औषधं ठरवणं माझं काम नव्हे. विश्रामबागचे एक फिजिशियन डॉक्टर दर शनिवारी दोन तास देणार आहेत.

हे का, तेही इथेच लिहून ठेवते. अण्णा, म्हणजे माझे वडील, याच यार्डात ३१ वर्षं तोलार होते. २०२२ च्या उन्हाळ्यात ते म्हणायला लागले, "चाललं की डावी पोटरी आवळते." एका दवाखान्यात कंबरेची शीर दबल्याचं सांगितलं, दुसरीकडे गुडघ्याची झीज. मग मी त्यांना हातात घेतलं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात आहे: 'गुडघा. शेक. मांडीचे व्यायाम. दोन आठवडे.' मी त्यांना मोजा काढायला लावला नाही. घोट्यामागे बोट ठेवलं नाही. दहा महिन्यांनी अंगठा काळा पडला आणि पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ती नाडी बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

११ जानेवारी

आठवडाभर घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, दवाखान्यात येणाऱ्यांचे पाय. मोजायची रीत पक्की केली.

माणसानं आधी पाच ते दहा मिनिटं सपाट आडवं पडायचं. बसून मोजलं की घोट्याचा दाब खोटा जास्त येतो. मग उजवा दंड, उजवा घोटा, डावा घोटा, डावा दंड, याच क्रमानं. बीपीचा पट्टा घोट्याच्या वर दोन बोटं. डॉपलरचा आवाज बंद होईपर्यंत फुगवायचा, त्याच्याही वर २०-३० न्यायचा, मग सावकाश सोडायचा आणि आवाज परत उमटला तो आकडा लिहायचा. प्रत्येक पायाच्या दोन धमन्या घ्यायच्या, एक घोट्यामागची आणि एक पावलाच्या पाठीवरची. दोघींपैकी जास्त तो त्या पायाचा दाब. दोन दंडांपैकीही जास्त तोच धरायचा. घोट्याला दंडानं भागायचं, झालं.

पट्टा सोडण्याची घाई होते तेव्हा आकडा चुकतो. माझा सुरुवातीला चुकत होता. आता दर सेकंदाला दोन-तीन अंकच खाली येऊ देते.

१८ जानेवारी

पहिला शनिवार. एका अडत्यानं गाळ्यामागची खोली दिली. हळदीचा वास, भिंतीला टेकलेली पोती, मधे आमचा तपासणीचा बाक.

अण्णा दाराशी खुर्ची टाकून बसले, जयपूर फूट घातलेला पाय पुढे करून. नाव, वय, काम लिहून घ्यायचं आणि "चप्पल काढ, पाय धू, आत जा" एवढंच सांगायचं. माझं कुणी ऐकलं नसतं. त्यांचं ऐकतात.

आज मी एक गोष्ट शिकले. "चालताना पाय दुखतो का?" विचारलं की उत्तर "न्हाई." खरंच दुखत नसतो, कारण दुखायच्या आधीच माणूस थांबलेला असतो. थांबला, असं त्याला वाटत नाही. तो तंबाखू मळायला उभा राहतो. गाळ्यापासून ट्रकपर्यंत दोनदा तंबाखू मळणारे तिघे आज सापडले आणि तिघांचंही मळायचं ठिकाण ठरलेलं आहे. म्हणून प्रश्न बदलला: "सलग किती चालता? कुठं थांबता? थांबल्यावर किती वेळानं परत निघता?" ठराविक अंतरावर पोटरी धरते, उभं राहिलं की दहा मिनिटांच्या आत सुटते, चाललं की पुन्हा तेवढ्याच अंतरावर धरते, ही चाल धमनीच्या अडथळ्याची. चढावर आणि पाठीवर ओझं असताना अंतर आणखी कमी होतं.

शब्दही ऐकून लिहून घेतले. कुणी म्हणतं गोळा येतो, कुणी पेटका, कुणी "रग लागती", कुणी "पाय भरून येतोय". दुखतं हा शब्द कुणीच वापरत नाही.

२५ जानेवारी

नोंद क्र. ९. वय ५८, हमाल. उजवी पोटरी. उजवा दंड १४८, डावा १४२. उजवा घोटा ९६, डावा १३८. म्हणजे उजवा ९६ भागिले १४८, ०.६५. डावा ०.९३. उजवीकडचा आवाज एकेरी फुसकारा. मांडीच्या मुळाशी नाडी चांगली लागते, गुडघ्यामागे लागत नाही. अडथळा मांडीत असावा, असा डॉक्टरांचा अंदाज. मांडीतली धमनी अडली की तक्रार पोटरीत येते, कारण रक्त कमी पडतं ते अडथळ्याच्या खालच्या स्नायूला. जांघेच्या वर अडलं तर कुल्ला आणि मांडी धरते.

त्यांना समजावताना मी घोड्याची गोष्ट सांगितली. १८३१ मध्ये फ्रान्समधल्या बूले नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं लिहून ठेवलं की एक घोडा थोडं पळाला की मागच्या पायानं लंगडायचा, थांबला की बरा व्हायचा. घोड्याच्या मांडीची धमनी बुजलेली होती. माणसात हेच पुढे १८५८ मध्ये शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं दाखवलं. ऐकून ते म्हणाले, "आमचा एक बैल असाच करायचा. आम्ही म्हणायचो आळशी हाय." बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मलाबी सगळी आळशीच म्हणत्यात आता."

हे मला फार लागलं. यार्डात चार पोती कमी उचलली की नावं ठेवतात.

१ फेब्रुवारी

आकडे सांगताना अडचण येत होती. शून्य पूर्णांक पासष्ट म्हणजे काय, हे कुणालाच कळत नव्हतं. आज अण्णांनीच वाट काढली. दाराशी बसल्या बसल्या एकाला सांगत होते, "आयर्विन पुलाचं कसं, ४० फूट इशारा, ४५ धोका. तसंच हाय हे. फकस्त उलटं. तिथं चढलं की भ्या, हितं उतरलं की भ्या."

सांगलीच्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. पावसाळ्यात पोरगंही विचारतं, आयर्विनपाशी कृष्णेचं पाणी किती फूट झालं? भिंतीवर खडूनं पट्टी काढली. १.०० ते १.४० ठीक. ०.९१ ते ०.९९ काठावर, लक्ष ठेवा. ०.९० आणि खाली म्हणजे अडथळा आहे. ०.४० च्या खाली धोका, पाय जाऊ शकतो. आणि १.४० च्या वर गेलं तर आनंद मानायचा नाही, त्याची वेगळी तपासणी. हे शेवटचं लोकांच्या पचनी पडत नाही. योग्य रुग्ण आला की दाखवीन.

डॉक्टरांनी आज एक गोष्ट सगळ्यांना सांगितली, ती इथे ठेवते. पायाची धमनी अडलेल्या माणसाला पायापेक्षा हृदयाचा आणि मेंदूचा धोका मोठा असतो. नळ एका घरचा अडला की समजायचं पाइपलाइनच जुनी झाली आहे. त्यामुळे क्र. ९ ला रक्ताची गुठळी होऊ न देणारं क्लोपिडोग्रेल, चरबीसाठी स्टॅटिन, बीपीची गोळी. शिवाय चालण्याचं अंतर वाढावं म्हणून सिलोस्टाझोल, सकाळ-संध्याकाळ, उपाशीपोटी म्हणजे जेवणाच्या अर्धा तास आधी. हृदय कमकुवत झालेल्याला हे औषध चालत नाही, म्हणून आधी त्यांचं हृदय तपासलं. सुरुवातीला डोकं दुखेल, धडधडेल, हेही सांगितलं. नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या बंद करतात आणि आम्हाला महिनाभर पत्ता लागत नाही.

८ फेब्रुवारी

आज एकाचा आकडा १.०८, दोन्हीकडे. तरीही चालताना दोन्ही पाय जड होतात. मी खोदून विचारलं. रिकाम्या हातानं चाललं तर त्रास, हातगाडी ढकलताना नाही. सायकलवर अजिबात नाही. उभं राहून आराम पडत नाही, खाली बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. हा मणक्यातला प्रकार. पुढे वाकलं की मणक्यातली जागा मोकळी होते, म्हणून गाडीवर रेललेला माणूस मैलभर जातो. धमनीवाल्याला वाकल्यानं काही फरक पडत नाही, नुसतं थांबणं पुरतं.

अण्णांना कंबरेचं म्हणून सांगितलं तेव्हा हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर. मी विचारला असता तर.

१५ फेब्रुवारी

जिची वाट बघत होते ती नोंद आज आली, पण अशी यायला नको होती.

क्र. ३१, हळद निवडणाऱ्या आजी, वय ६७. साखर १८ वर्षांपासून. डाव्या पायाच्या करंगळीला जखम, महिना झाला. दुखत नाही. साखरेनं पायाची जाणीवच गेलेली, त्यामुळे चालतानाही काही त्रास नाही, म्हणून सून म्हणते पाय चांगलाच आहे. पाऊल गार पडतं म्हणून थंडीत रोज रात्री विटेनं शेक. टाचेला भाजल्याचा डाग आहे, तोही त्यांना माहीत नव्हता.

डावा घोटा मोजायला घेतला. २०० झालं, आवाज चालूच. २२०. २५० ला मी थांबले. दंडाला १५०. भागाकार १.६६ च्या वर. खडूच्या पट्टीवर हे सगळ्यात उंच, आणि आवाज मात्र मेलेला फुसकारा. साखर आणि मूत्रपिंडाच्या दुखण्यात धमनीच्या भिंतीत चुना साचतो, नळी इतकी कडक होते की पट्ट्यानं दबतच नाही. आकडा भिंतीचा येतो, रक्ताचा नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यायचा, कारण अंगठ्याच्या बारीक धमन्यांत चुना सहसा बसत नाही. आमच्याकडे अंगठ्याचा पट्टा नाही.

पाय आडवं झोपून ४५ अंश वर धरला, अर्ध्या मिनिटात पांढरा पडला. खाली लोंबता सोडल्यावर हळूहळू जांभळट लाल झाला. तो लाल रंग बघून घरचे म्हणतात रक्त चांगलं आहे. तो रंग उपाशी पायाचा असतो.

शेक बंद. पायाला गरम काही नाही, कढत पाणी नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. रक्त कमी असलेली त्वचा उष्णता वाहून नेऊ शकत नाही, जागीच भाजते. सुनेला तीनदा सांगितलं. पट्टी घट्ट गुंडाळायची नाही हेही सांगितलं. आजच मिरजेला चिठ्ठी दिली.

आजी म्हणाल्या, "पाय कापायचा म्हणतील. मी जायाची न्हाई."

मी त्यांच्याजवळ बसले. अमेरिकेतल्या पोर्टलंडची एक बाई सांगितली, वय ८२. बोटं काळी पडलेली, पाय काढायचं ठरलेलं आणि ती तयार होत नव्हती. १६ जानेवारी १९६४ ला डॉटर नावाच्या क्ष-किरण डॉक्टरांनी मांडीच्या धमनीतून बारीक नळी आणि मग तिच्यावरून जाड नळी घालत अरुंद झालेली जागा रुंद केली. चिरफाड नाही. पाऊल गरम झालं, आणि ती बाई पुढे शेवटपर्यंत आपल्या दोन पायांवर चालली. नळीच्या जागी फुगा आला तो १९७४ मध्ये, झुरिकच्या ग्रुंटझिगनं आणला. आजींनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "ती ८२ ची व्हती?"

उद्या सून घेऊन जाणार आहे.

१९ फेब्रुवारी

मिरजेहून फोन. आजींच्या अंगठ्याचा दाब ३४. तीसच्या आत गेला की जखम भरायची आशा फार कमी असते, त्या रेषेच्या अगदी जवळ. गुडघ्याखालच्या तीन धमन्यांपैकी दोन बंद, तिसरीत दोन ठिकाणी अरुंद. फुग्यानं उघडायचं ठरलंय. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर अण्णा स्वतः सुनेबरोबर गेले.

२२ फेब्रुवारी

क्र. ३८, वय ३४. ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा, आता यार्डात. साखर नाही, बीपी नाही, चरबी नॉर्मल. विड्या दिवसाला दोन बंडल. उजव्या पायाच्या दोन बोटांना जखमा, हाताच्या तर्जनीचं टोकही सुकलेलं. त्रास पोटरीत नाही, पावलाच्या कमानीत. गुडघ्यामागची नाडी टणटणीत, घोट्याच्या दोन्ही गायब.

डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, बर्जरचा आजार. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्जरनं नीट वर्णन केला म्हणून त्याचं नाव. तंबाखूवाल्या तरुण माणसांचा आजार, हातापायांच्या बारीक धमन्या सुजून गुठळ्यांनी बंद होतात. धमनी इतकी बारीक आणि इतक्या टोकाशी बंद असते की बायपास जोडायला पलीकडे जागा उरत नाही, फुगाही बहुतेक वेळा जमत नाही. उपाय एकच आहे आणि तो त्याच्या हातात आहे. तंबाखू पूर्ण बंद, विडी, गुटखा, मिश्री, सगळं. दिवसाला एक विडीसुद्धा आजार चालू ठेवायला पुरते. पूर्ण सोडली तर पाय सहसा वाचतो.

तो म्हणाला, "दोनावर आणतो."

अण्णांनी ऐकलं आणि आत आले. पँट वर केली, जयपूर फूट काढून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "मीबी दोनदाच खात हुतो." मग परत जाऊन खुर्चीत बसले.

मिश्रीचं वेगळं लिहायला हवं. बायकांना "तंबाखू खाता का" विचारलं तर सगळ्या "न्हाई बाई". "मिश्री?" विचारलं की, "ती तर दात घासायची." तव्यावर जाळलेली तंबाखूच ती, दिवसातून चार-चार वेळा हिरड्यांना चोळली जाते. आमच्या फॉर्मवर हा रकाना नव्हता. आता आहे.

१ मार्च

चालण्याची पट्टी सुरू केली. यार्डाच्या मागच्या रस्त्यावर दर ५० मीटरला फक्कीच्या रेघा मारल्या. क्र. ९ सह सात जण, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी साडेसहा.

नियम: पोटरी धरेपर्यंत चालायचं. धरल्या धरल्या थांबायचं नाही, मध्यम दुखेपर्यंत जायचं, मग थांबायचं. पूर्ण सुटलं की परत. थांबण्याचा वेळ धरून आधी ३० मिनिटं, हळूहळू ४५-५०. किमान १२ आठवडे. पायाला जखम असलेला किंवा रात्री झोपेतही पाय दुखणारा यात घ्यायचा नाही, त्याला आधी मिरज.

पहिला आक्षेप अपेक्षित होता: "ताई, आम्ही दिसभर चालतोयच की." मलाही याचं उत्तर जुळवायला वेळ लागला. ओझं घेऊन चालणारा दुखू लागायच्या आत थांबतो. पाय कधी कमी रक्तात काम करायच्या शाळेत जातच नाही. दुखेपर्यंत ठरवून नेलं की स्नायू तेवढ्याच रक्तातून जास्त प्राणवायू ओढायला शिकतो, चाल सुधारते, रक्तवाहिनी सैलावते. हे औषधच आहे, त्याला मात्रा आहे, वेळ आहे.

क्र. ९ ला आज ११० मीटरवर धरलं.

८ मार्च

आजींची अँजिओप्लास्टी झाली. पाऊल गरम आहे. करंगळीचं टोक काढावं लागलं, पाय आहे.

१९ मार्च

पहाटे ४.५० ला फोन. अडत दुकानाचे दिवाणजी, वय ६३. फेब्रुवारीत मीच मोजलेले, दोन्ही पाय १.०६. तीन वाजता डावा पाय एकदम दुखायला लागला. मुलाला म्हटलं पायाला हात लाव. "गुडघ्याखाली बर्फ. पांढराफटक. बोटं हलत न्हाईत म्हणतात." हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं जुनं निदान, रक्त पातळ करायची गोळी त्यांनी महिन्यापूर्वी आपल्या मनानं बंद केलेली.

मी फोनवरच सांगितलं: चोळू नका, शेकू नका, उंच ठेवू नका, खायला-प्यायला देऊ नका, सकाळ व्हायची वाट बघू नका. मिरज. मी तिथे फोन लावते.

अनियमित ठोक्यांत हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती सुटून पायात येऊन अडकते. वर्षानुवर्षं सावकाश बुजणाऱ्या धमनीला बाजूनं छोट्या वाटा फुटायला वेळ मिळतो. अशा अचानक बुजलेलीला तो मिळत नाही. सहा तासांच्या पुढे स्नायू मरायला लागतात, आणि बोटं हलत नाहीत म्हणजे घड्याळ बरंच पुढे गेलंय. जांघेतून फुग्याची नळी आत घालून गुठळी मागे ओढून काढतात. फोगार्टी नावाच्या अमेरिकन सर्जननं १९६३ मध्ये ही नळी पुढे आणली. सव्वासातला ते ऑपरेशनच्या टेबलावर होते.

संध्याकाळी बघून आले. पाऊल गुलाबी. बोटं हलवून दाखवली. पोटरी सुजेल म्हणून डॉक्टर तासातासाला बघत होते.

खोलीच्या दारावर आज मोठ्या अक्षरांत कागद लावला: 'पाय एकदम गार, पांढरा, बधिर, दुखरा. थांबू नका. रात्र असली तरी निघा.' यार्डातल्या तिन्ही रिक्षावाल्यांना वाचून दाखवला.

२९ मार्च

क्र. ३८ आला. विड्या दोनावर आणल्या होत्या, खरं सांगितलं त्यानं. तिसऱ्या बोटालाही जखम. रागावले नाही. रागावून उपयोग झाला असता तर यार्डात एकही विडी उरली नसती. तंबाखूच्या पुडीवर छापलेला तो नंबर, १८००-११-२३५६, त्याच्यासमोर लावला. पहिल्यांदा कुणीतरी त्याला रोज किती, कधी, कुणाबरोबर ओढतो असं शांतपणे विचारलं. बोलता बोलता कळलं की पहाटेची पहिली विडी सोडवत नाही, बाकीच्या सुटतील. निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या या आजारात नकोत, डॉक्टरांनी त्याला दुसरं औषध सुरू केलं.

३० मार्च, पाडवा

घरी गुढी उभारली. दुपारी अण्णा म्हणाले, "माझा उजवा कधी बघणार?"

जानेवारीपासून मी टाळतेय. शेकड्यानं पाय मोजले आणि घरातला एक मोजला नाही. ज्याचा एक पाय धमनीनं गेला त्याचा दुसरा तपासायचा असतो, हे मी रोज दुसऱ्यांना सांगते.

आडवे झाले. दहा मिनिटं थांबले. दंड १५२. उजवा घोटा ११८. ०.७८. आवाज दोन भागांचा, अजून सपाट झालेला नाही. त्वचा चांगली, जखम नाही, बोटांच्या बेचक्या कोरड्या. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे इशारा. धोका न्हाई."

दोन वर्षांपासून तंबाखू नाही. स्टॅटिन चालू आहे, क्लोपिडोग्रेल आहे. उद्यापासून चालण्याच्या पट्टीवर आठवे ते. जयपूर फुटामुळे वेग कमी, अंतर २५ मीटरच्या रेघांनी मोजायचं.

१२ एप्रिल

ऊन वाढलंय. साडेसहाचं सहा केलं. दोघं यायचे बंद झाले, एकाच्या गावची यात्रा, दुसऱ्याचं कारण कळलं नाही. उद्या गाळ्यावर जाऊन भेटते.

२६ एप्रिल

क्र. ३८: २१ दिवस विडी नाही. तिसऱ्या बोटाची जखम कोरडी. बायको बरोबर आली होती, तिनं मिश्रीची डबी आमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घरात नकोच."

आजींच्या करंगळीची जागा भरली. आता पायाच्या रोजच्या पाहणीचं काम नातीकडे आहे, ती आरसा धरून तळवा दाखवते. विटेची जागा लोकरीच्या मोज्यांनी घेतली.

एका बाईंच्या पायाला निळ्या फुगलेल्या शिरा होत्या, कुणीतरी घट्ट मोजे घालायला सांगितलेले. घोटा मोजला तर ०.५२. मोजे ताबडतोब काढले. शिरा आणि धमनी हे दोन वेगळे रस्ते, एकावरचा इलाज दुसऱ्याचा घात करू शकतो. घट्ट मोजे घालण्याआधी घोट्याची नाडी, हे यार्डाबाहेरच्या दोन मेडिकलवाल्यांनाही सांगून आले.

२४ मे

बारा आठवडे झाले. क्र. ९: ११० मीटरवरून २७०. पूर्ण थांबायचं अंतर ४०० च्या वर. आकडा पुन्हा मोजला, ०.६६. ते जरा हिरमुसले. त्यांना वाटलं होतं पाणी चढलं असेल. मी समजावलं की चालण्यानं घोट्याचा दाब सहसा वाढत नाही, धमनी तेवढीच बुजलेली असते. बदलला तो पाय. रेघा मोजा, भागाकार नको. सर्जनकडे आत्ता जायची गरज नाही. जखम झाली, रात्री दुखायला लागलं किंवा अंतर परत कमी झालं तर जायचं.

"तंबाखू मळायला आता कुठं थांबता?" मी विचारलं.

"ट्रकपाशी," ते म्हणाले. "पण तंबाखू न्हाई. पाणी पितो."

३१ मे

शेजारच्या फिजिओथेरपी कॉलेजच्या चार विद्यार्थिनी आल्या होत्या. डॉपलर दिला नाही. आधी बोट. दोन बोटांची टोकं, अंगठा वापरायचा नाही, नाहीतर स्वतःचीच नाडी लागते. पावलाच्या पाठीवरची काही निरोगी माणसांत जन्मतःच नसते, म्हणून एकीवर निकाल द्यायचा नाही. घोट्यामागची बघायचीच. आणि मोजे काढून.

एकीला सापडेना. पाच मिनिटं झाली. बाकावर अण्णा होते, उजवा पाय पुढे. ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "सॉरी काका, नाहीये बहुतेक."

अण्णांनी तिचं बोट धरून थोडं मागे सरकवलं, घोटा आणि टाचेच्या शिरेच्या मधल्या खळगीत. "दाबू नको. हं, हितं. आता थांब जरा."

ती थांबली. मग तिनं मान वर केली आणि हळू आवाजात मोजायला लागली, एक, दोन, तीन.